तटबंदीतली शाळा : चीफूची मुले आणि वेइशिएनची छावणी

१/
१९४४ सालचा चीनचा शांतुंग प्रांत. काटेरी तारांनी वेढलेल्या आवारात आठ-नऊ वर्षांची इंग्रज मुले रांगेत उभी आहेत. जपानी पहारेकरी हजेरी घेतो आणि मुले जपानी भाषेत आपापला क्रमांक उच्चारतात : इची, नी, सान, शी, गो. मोजणी लांबली की याच रांगेत काही मुली बिल्ल्यांच्या परीक्षेसाठी संदेशांच्या खुणांचा सराव करतात. आईवडील शेकडो मैलांवर आहेत. तरीही शाळा बंद पडलेली नाही. ही कथा त्या शाळेची, म्हणजे चीफू स्कूलची.

२/
ही शाळा का निघाली, हे कळण्यासाठी साम्राज्याची एक घरगुती अडचण लक्षात घ्यावी लागते. आशियात राहणाऱ्या ब्रिटिशांनी मुलांना शिकवायचे कुठे? सर्वमान्य उत्तर होते, ‘मायदेशी’. पाच-सहा वर्षांचे मूल बोटीत बसवून इंग्लंडला धाडले जाई. मुंबईत जन्मलेला रुडयार्ड किपलिंग १८७१ साली असाच साउथसी गावी परक्यांच्या घरी ठेवला गेला. तेव्हा तो सहा वर्षांचाही नव्हता. त्या घरातले हाल पुढे त्याच्या लेखनात उतरले.

३/
व्यापारी आणि सरकारी अधिकारी निदान बोटीचे भाडे देऊ शकत. मिशनऱ्यांना तेही जड जाई. हडसन टेलर यांनी १८६५ मध्ये स्थापन केलेल्या ‘चायना इनलँड मिशन’ची माणसे तर बंदरे सोडून चीनच्या आतल्या प्रांतांत राहत. तिथे ना इंग्रजी शाळा, ना डॉक्टर. मुले आजारी पडत, दगावत. मुलांना इंग्लंडला धाडले तर दहा-दहा वर्षे भेट नाही, आणि जवळ ठेवले तर शिक्षण नाही, अशी ही कोंडी होती.

४/
टेलर यांनी तोडगा काढला तो चीनच्या किनाऱ्यावरच इंग्लंड उभे करण्याचा. जागा होती शांतुंगमधील चीफू, म्हणजे आजचे यांताई. दुसऱ्या अफूयुद्धातील तहांमुळे हे बंदर परकीयांना खुले झाले होते आणि समुद्रकाठच्या निरोगी हवेमुळे तिथे आजारी मिशनरी विश्रांतीला येत. टेलर स्वतःही तसेच आले होते. १८८१ मध्ये मोजक्या मुलांना घेऊन शाळा सुरू झाली.

५/
काही दशकांत तिचे तीन विभाग झाले : मुलांचा, मुलींचा आणि धाकट्यांचा प्राथमिक विभाग. या शेवटच्या विभागात साधारण सहाव्या वर्षी मूल दाखल होई आणि दहा-अकराव्या वर्षापर्यंत राही. शाळा पूर्णतः निवासी होती. विद्यार्थी केवळ ब्रिटिश नव्हते. अमेरिकन, ऑस्ट्रेलियन, कॅनडियन, स्कँडिनेव्हियन मुलेही होती. शिस्त, खेळ, परीक्षा आणि पुस्तके मात्र ब्रिटिश. परदेशातील आंतरराष्ट्रीय ब्रिटिश शाळा म्हणून आज जे ओळखले जाते, त्याचा हा एक जुना नमुना.

६/
अभ्यासक्रमात इंग्रजी, गणित, बायबल, इंग्लंडचा इतिहास होता. वरच्या वर्गांत लॅटिन आणि फ्रेंच. मैदानावर क्रिकेट व फुटबॉल, समुद्रात नौकाविहार. शेवटी ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या शालेय परीक्षा. चिनी भाषेला या योजनेत जवळजवळ स्थान नव्हते. घरी आयांच्या कडेवर चिनी बोलत वाढलेली मुले शाळेत येऊन ती भाषा विसरत. ज्या देशात आईवडिलांनी आयुष्य वेचले, तो देश मुलांसाठी कुंपणापलीकडचा देखावा ठरे.

७/
हा अपघात नव्हता. मुलांनी उद्या ब्रिटनमध्ये परत जाऊन तिथल्या समाजात मिसळावे, नोकरीला लागावे, हाच हेतू होता. शाळा मुलांना जिथे ती होती तिथल्यासाठी घडवत नव्हती. जिथे त्यांतली अनेक अजून गेलीही नव्हती, तिथल्यासाठी घडवत होती. ‘होम’ हा शब्द या मुलांनी आधी पुस्तकात वाचला आणि मगच, नशीब असेल तर, डोळ्यांनी पाहिला.

८/
अंतराचा प्रश्नही पुरता सुटला नव्हता. गान्सू किंवा ग्वीजोसारख्या प्रांतांतून चीफू गाठायला नदीतली होडी, खेचरांची डोली, मग आगबोट असा आठवड्यांचा प्रवास पडे. त्यामुळे जवळपासची मुले सुटीत घरी जात. लांबची मुले शाळेतच राहत. एकाच देशात असूनही काही मुलांना आईवडील वर्षानुवर्षे दिसत नसत. पत्र हाच काय तो दुवा.

९/
इथे शिकलेल्यांपैकी दोघे अमेरिकन पुढे जगप्रसिद्ध झाले : ‘टाइम’ साप्ताहिकाचा सहसंस्थापक हेन्री ल्यूस आणि तीन पुलित्झर पुरस्कारांचा मानकरी लेखक थॉर्नटन वाइल्डर. ल्यूसच्या चीफूच्या आठवणी गोड नव्हत्या. छडी, दांडगाई आणि करडी शिस्त यांचा त्याला मनस्वी तिटकारा होता. शाळेचे गुणगान करणाऱ्या माजी विद्यार्थ्यांइतकीच ही साक्षही महत्त्वाची आहे.

१०/
बाहेरचा चीन मात्र कुंपणाला सतत धडका देत होता. १९०० च्या बॉक्सर उठावात एकट्या चायना इनलँड मिशनचे ५८ मिशनरी आणि २१ मुले मारली गेली. चीफूची शाळा वाचली. पण वाईट बातमीची वाट पाहणे म्हणजे काय, हे तिथल्या मुलांना त्या उन्हाळ्यात कळले. परकीयांविरुद्धच्या त्या संतापामागे अफूयुद्धे होती, लादलेले तह होते. ज्या तहांनी चीफूचे बंदर उघडले, तेही त्यांतच मोडत होते.

११/
१९३५ च्या आरंभी तर चाच्यांशी गाठ पडली. शांघायहून चीफूकडे निघालेली ‘तुंगचाउ’ ही आगबोट समुद्रचाच्यांनी ताब्यात घेतली. तिच्यावर सुटीहून परतणारी सुमारे सत्तर शाळकरी मुले होती. चाच्यांनी बोट दक्षिणेला बायस उपसागराकडे वळवली. ब्रिटिश नौदलाच्या विमानांनी ती शोधून काढेपर्यंत मुलांनी मालातल्या संत्र्यांवर ताव मारला होता; ती खुद्द चाच्यांनीच वाटली होती. मुले सुखरूप परतली आणि शाळेला पिढ्यान्‌पिढ्या पुरेल अशी गोष्ट मिळाली.

१२/
पुढचे संकट असे हसण्यावारी नेण्याजोगे नव्हते. १९३७ मध्ये जपानने चीनवर पूर्ण आक्रमण केले आणि १९३८ च्या फेब्रुवारीत चीफू जपानी सैन्याच्या ताब्यात गेले. ब्रिटन अजून जपानशी लढत नव्हते, म्हणून शाळा चालू राहिली. आसपासच्या गावांत लोक मारले जात होते आणि कुंपणाच्या आत वार्षिक क्रीडास्पर्धा होत होत्या. परकीय नागरिकत्वाचे कवच किती जाड असते, हे यावरून दिसते.

१३/
पर्ल हार्बरवर हल्ला झाला आणि ते कवच एका दिवसात गळून पडले. ८ डिसेंबर १९४१ रोजी जपानी सैनिक आवारात आले. ही सारी मालमत्ता आता जपानच्या सम्राटाची, अशा सूचना दारांवर लागल्या. मुख्याध्यापकांना काही आठवडे अटकेत ठेवण्यात आले. शिक्षक-विद्यार्थ्यांच्या दंडावर राष्ट्रीयत्व दर्शवणाऱ्या पट्ट्या आल्या. आईवडील जपानी रेषेच्या पलीकडे, स्वतंत्र चीनमध्ये. मुले अलीकडे. मधली वाट बंद.

१४/
नोव्हेंबर १९४२ मध्ये शाळेला आपले आवार सोडावे लागले. मुलांनी आणि शिक्षकांनी नेता येईल तेवढे सामान उचलले आणि स्तोत्र गात गावाबाहेरच्या ‘टेंपल हिल’ या टेकडीवरील घरांकडे कूच केले. एकेका कुटुंबासाठी बांधलेल्या त्या मिशनच्या घरांत कित्येक पट माणसे कोंबली गेली. दहा महिन्यांनी, सप्टेंबर १९४३ मध्ये, त्यांना आधी बोटीने आणि मग रेल्वेने वेइशिएनला (आजचे वेइफांग) हलवण्यात आले.

१५/
वेइशिएनची छावणी म्हणजे अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचे जुने आवार. हेन्री ल्यूसचे कुटुंब काही वर्षे इथेच राहत असे. आता तिथे सुमारे दीड हजार नजरबंद होते : व्यापारी, प्राध्यापक, पाद्री, वादक, व्यसनाधीन, सारेच. शौचालये तुंबलेली, ढेकूण आणि उंदीर विपुल, अन्न तुटपुंजे. ज्वारीची लापशी आणि शिळ्या पावाची खीर हा नेहमीचा आहार. भाकरीवर वाढलेल्यांना ज्वारीचे नवल वाटणार नाही, पण तेवढ्यावरच थंडीचे महिने काढायचे होते.

१६/
या परिस्थितीत चीफूच्या शिक्षकांनी घेतलेला निर्णय साधा होता : शाळा चालू राहील. वेळापत्रक ठरले. बाके नव्हती, तेव्हा मुले अंथरुणांवर आणि प्रवासी पेट्यांवर बसून शिकली. कागद दुर्मिळ, म्हणून वह्या खोडून पुन्हा वापरल्या. पुस्तके हातोहात फिरली. प्राथमिक विभागातली मुले पाढे, शुद्धलेखन आणि बायबलचे उतारे नेहमीप्रमाणे गिरवत राहिली. शिक्षिका त्यांच्या गुरू होत्या, परिचारिका होत्या आणि रात्री उशाशी बसणाऱ्याही त्याच.

१७/
कामाचाही त्यांनी खेळ केला. कोळशाची भुकटी आणि माती कालवून मुले हातांनी गोळे वळत. कोणाच्या खोलीतली शेगडी आधी लालभडक होते याची चुरस लागे. दर शनिवारी ढेकणांविरुद्ध मोहीम निघे. मुलींचे ‘ब्राउनी’ पथक, म्हणजे आपल्याकडचे ‘बुलबुल’, नियमित भरे. पत्र्याच्या डब्यातून लापशी खातानाही राजवाड्यातल्या मेजावर शोभतील अशा रीतिरिवाजांचा आग्रह धरला जाई. पाठ ताठ, तोंडात घास असताना बोलायचे नाही.

१८/
हे हास्यास्पद वाटू शकते. उपाशी मुलाला चमचा कसा धरावा हे शिकवण्यात काय हशील? तिथे बालपण काढलेल्या मेरी टेलर प्रेव्हिटी यांनी याचे उत्तर पुढे अनेकदा दिले. हडसन टेलर यांची ही पणती १९४१ मध्ये नऊ वर्षांची होती. त्यांच्या सांगण्यानुसार, उद्या काय घडणार हे ठाऊक असण्याने मुले सुरक्षित राहिली. तास, घंटा, प्रार्थना, बिल्ला : जग कोसळले तरी मंगळवारनंतर बुधवारच येतो, याचा तो पुरावा होता.

१९/
शरीराचा हिशेब मात्र केवळ शिस्तीने जुळत नव्हता. वाढत्या हाडांना चुना हवा, म्हणून अंड्यांची टरफले कुटून ती पूड मुलांना चमच्याने भरवली जाई. ही अंडी यायची कुठून? रात्रीच्या अंधारात चिनी शेतकरी ती भिंतीवरून आत पोहोचवत. या चोरट्या व्यापारात त्यांना पैसे मिळत हे खरे. पण पकडले गेल्यास मरण होते, आणि काहींनी ती किंमत चुकवलीही. ज्यांची भाषा शाळेने शिकवली नाही, त्यांच्याच हातून आलेल्या अन्नाने ही मुले तगली.

२०/
थोरल्या मुलांसमोर परीक्षेचा प्रश्न होता. ऑक्सफर्डहून प्रश्नपत्रिका येणे अशक्य. शिक्षकांनी त्याच तोडीच्या प्रश्नपत्रिका स्वतः काढल्या, कडक नियमांत परीक्षा घेतल्या आणि निकाल जपून ठेवले. युद्धानंतर ऑक्सफर्डने त्या परीक्षांना मान्यता दिली. तारांच्या आड बसून दिलेल्या उत्तरांवर मुलांना पुढच्या शिक्षणाची दारे उघडली.

२१/
याच छावणीत एक उंचसा, हसतमुख मनुष्य मुलांना विज्ञान शिकवी आणि मैदानावर पंच म्हणून उभा राही. तो एरिक लिडेल, १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमधील ४०० मीटरचा सुवर्णपदकविजेता. रविवार हा प्रभूचा दिवस म्हणून १०० मीटरच्या शर्यतीतून माघार घेणारा हा धावपटू. छावणीतली मुले रविवारी देखरेखीविना हॉकी खेळताना हातघाईवर आली, तेव्हा मात्र पुढच्या रविवारी तो स्वतः पंच म्हणून मैदानात उतरला.

२२/
लिडेलला ही मुले इतकी का उमगली असावीत? त्याचा जन्म १९०२ चा, चीनमधील त्यानजिनचा. १९०८ मध्ये, सहाव्या वर्षी, मिशनरी आईवडिलांनी त्याला थोरल्या भावासह लंडनच्या निवासी शाळेत ठेवले होते. आता त्याची स्वतःची पत्नी आणि मुली कॅनडात होत्या. धाकटीला तर त्याने पाहिलेही नव्हते. २१ फेब्रुवारी १९४५ रोजी मेंदूतल्या गाठीने छावणीतच त्याचा अंत झाला. वय ४३.

२३/
दिनक्रमाचे कवच सर्वांना वाचवू शकले नाही. ऑगस्ट १९४४ मध्ये हजेरीच्या वेळी खाली लोंबणाऱ्या विजेच्या तारेला हात लागून चीफूचा सोळा वर्षांचा एक विद्यार्थी सर्वांच्या डोळ्यांदेखत मरण पावला. रांगेत त्याची लहान-मोठी शाळासोबती उभी होती. दूरच्या आईवडिलांना हे कळवायचेही कसे, असा प्रश्न शिक्षकांपुढे होता. दुसऱ्या दिवशीही हजेरी झाली आणि शाळाही भरली.

२४/
१७ ऑगस्ट १९४५. एक अमेरिकी विमान खाली झेपावले आणि त्यातून सात छत्रीधारी बाहेरच्या ज्वारीच्या शेतांत उतरले. छावणीचे फाटक ढकलून माणसे अनवाणी धावत सुटली. सॅल्व्हेशन आर्मीच्या वाद्यवृंदाने या दिवसासाठी गुपचूप बसवलेली धून वाजवली. त्या सातांत जेम्स मूर नावाचा अधिकारी होता. तो चीफू स्कूलचाच माजी विद्यार्थी. दुभाषी म्हणून आलेला तरुण, वांग चेंगहान, चिनी होता.

२५/
त्यानंतरचा अध्याय कमी सांगितला जातो. साडेपाच वर्षांनी मेरी आणि तिची भावंडे आईवडिलांना भेटली. अशा भेटी सुखाच्या होत्या, तशा अवघडही. सहा वर्षांची असताना निरोप दिलेली मुलगी बारा वर्षांची होऊन परतते, तेव्हा आईने नेमके कोणाला कवटाळायचे? काही मुलांना पालक ओळखू आले नाहीत. सवय शिक्षिकांची होती. घर म्हणजे वसतिगृह होते. छावणीने ही ताटातूट लांबवली, पण तिची सुरुवात छावणीने केली नव्हती.

२६/
शाळा चीफूला पुन्हा भरली नाही. पश्चिम चीनमधील मुलांसाठी युद्धकाळात सेच्वानमध्ये निघालेली तिची शाखा १९४४ मध्ये हिमालय ओलांडून थेट भारतात, कालिम्पाँगला आली होती. युद्धानंतर शाळा चीनमधील कुलिंगच्या डोंगरावर गेली. १९५१ मध्ये कम्युनिस्ट राजवटीत तिथूनही हलली. मलायातील कॅमेरॉन हायलँड्स येथे ती १९५२ मध्ये नव्याने सुरू झाली आणि २००१ मध्ये बंद पडली. तोवर मिशनरी पालकांनाच लहान मुले दूर ठेवणे पटेनासे झाले होते.

२७/
चीफूचे मूल्यमापन म्हणून एका वाक्यात होत नाही. भोवतालच्या देशाकडे पाठ फिरवून तिने मुलांना वाढवले आणि सहा वर्षांच्या जिवांना आईविना राहायला भाग पाडले. याच शाळेच्या शिक्षकांनी परक्या मुलांना अडीच-तीन वर्षांच्या कैदेत पोटच्या लेकरांसारखे सांभाळले. ज्या ठरीव चाकोरीचा ल्यूसला उबग आला, तिच्याच आधाराने मेरी छावणीत तरली. दोन्ही साक्षी खऱ्या आहेत.

२८/
मेरी पुढे अमेरिकेत न्यू जर्सीच्या विधानसभेत निवडून आल्या. त्याआधी आणि त्या काळातही, सुमारे तीस वर्षे, त्या कायद्याच्या कचाट्यात सापडलेल्या मुलांचे सुधारगृह चालवत होत्या. तिथेही ठरलेला दिनक्रम आणि विश्वासू मोठी माणसे यांवर त्यांचा भर असे. छत्रीधारी सुटकाकर्त्यांचा त्यांनी एकेक करून शोध घेतला. सर्वांत शेवटी सापडले वांग चेंगहान, चीनमधील गुइयांगला, नव्वदी ओलांडलेले. त्यांचे आभार मानायला मेरी स्वतः चीनला गेल्या.